धामणकर सरांचा डोंगर

धामणकर सर आमच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि पहिल्याच दिवशी दुपारी ती नोकरी जाता जाता वाचली.

आमचं ऑफिस म्हणजे ठाण्याला नौपाड्यात एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत मावणारी जाहिरात कंपनी. काम एकच, बिल्डरांची ब्रोशरं. घोडबंदर रोडपासून कल्याणच्या पुढपर्यंत जिथे जिथे पत्रे ठोकून मागे खड्डा खणलेला दिसेल, तिथल्या पत्र्यांवरचं हसरं कुटुंब बहुधा मी लावलेलं असतं. मी डिझायनर. मालक पराग माझ्याच वयाचा. इंग्रजी मजकूर मुंबईहून तयार यायचा, त्याचं मराठी करायला एक माणूस हवा होता. जाहिरात दिली तेव्हा पंचविशीतलं कोणीतरी येईल असं वाटलेलं. आले ते साठ ओलांडलेले, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं लावलेले एक गृहस्थ. कल्याणच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले.

परागने त्यांच्यापुढे पहिली ओळ ठेवली, ‘अ होम अवे फ्रॉम होम’. सरांनी ती दोनदा वाचली.

“हे कोणाला उद्देशून आहे?”

“कस्टमरला, सर.”

“पण तो इथंच राहायला येणार ना? मग हे त्याचं घरच झालं. ‘अवे’ कुठून आलं?”

“सर, तशी फ्रेज आहे. कोझी वाटतं.”

“फ्रेज आहे हे ठाऊक आहे मला. परगावी घरच्यासारखं वाटावं अशा जागेला ती लावतात. लॉजला लावा, वसतिगृहाला लावा. घर विकताना असं म्हणणं म्हणजे बायकोची ओळख करून देताना ‘अगदी बायकोसारखीच आहे हो’ म्हणण्यातला प्रकार.”

परागने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. मग पराग असा काही हसला की खालच्या डेंटिस्टचा पेशंट घाबरला असेल. सर मात्र गंभीर होते. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

सरांना घराचा नाद होता. म्हणजे घराबद्दलच्या इंग्रजी शब्दांचा आणि वाक्प्रचारांचा. दार, जिना, छप्पर, चूल, खुंटी, कपाट, जे जे म्हणून घरात असतं त्यावरून इंग्रजांनी काय काय बोलून ठेवलंय आणि ते कुठून आलं, हे त्यांनी कार्डांवर लिहून ठेवलं होतं. पत्त्यांएवढी कापलेली कार्डं, चपलांच्या खोक्यांत ओळीनं लावलेली. अशी सहा खोकी होती. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात खूण असे. पुरावा मिळाला तर बरोबरची, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, आणि गोष्ट रचलेली निघाली तर काट. काट मारलेली कार्डं ते फेकत नसत. “खोटं कसं दिसतं तेही माहीत असावं,” म्हणायचे.

डब्याच्या वेळी रोज एक कार्ड निघे. “फोकस म्हणजे काय गं, मुग्धा?” मी म्हणे, लक्ष केंद्रित करणं. “ते नंतरचं. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. घरातली माणसं जिकडे तोंड करून बसतात ती जागा.” दुसऱ्या दिवशी कर्फ्यू. तोही चुलीचाच निघाला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘विस्तव झाका’. संध्याकाळी घंटा झाली की गावात सगळ्यांनी चुली झाकायच्या, नाहीतर गवताच्या छपरांना आग लागायची. याचा परिणाम असा झाला की मीटिंगमध्ये पराग “फोकस करा रे जरा” म्हणाला की मी आणि सर एकदमच कोपऱ्यातल्या चहाच्या इंडक्शनकडे बघायचो.

खोट्या व्युत्पत्तीचा मात्र त्यांना राग होता, आणि आपल्याकडे व्हॉट्सअॅप आहे. जुन्या इंग्लंडात म्हणे कुत्री-मांजरं गवताच्या छपरात झोपत, पाऊस आला की घसरून खाली पडत, म्हणून मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. हा मजकूर आला की सर उत्तर लिहीत, “नमस्कार. ही माहिती निराधार आहे. कुत्रा छपरावर झोपत नाही. कृपया पुढे पाठवू नये. धामणकर.” शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांना ग्रुपमधून काढलं. ज्येष्ठ नागरिक संघानं काढलं. भजनी मंडळाच्या ग्रुपमध्ये तर ते नव्हतेच, पण त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, फोनवरून उत्तर लिहिलं आणि मंडळानं काकूंना काढलं. काकूंनी त्यानंतर फोनला कुलूप लावायला शिकून घेतलं.

एकदा मी त्यांना ‘थ्रेशोल्ड’ विचारलं. म्हटलं, उंबरठ्याला इंग्रजीत हा शब्द कुठून आला? ते म्हणाले, “पहिला अर्धा तुडवण्या-मळण्याशी जोडलेला आहे. मागचा अर्धा कुठून आला कोणालाच ठाऊक नाही.”

“मग कार्डावर काय लिहिलंत?”

“कोणालाच ठाऊक नाही, असं. त्यात लाज कसली?”

आमच्या धंद्यात कोणी ‘ठाऊक नाही’ म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आणि एवढ्या घरवेड्या माणसाला स्वतःचं घर नव्हतं. का नव्हतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जमलं नाही, एवढंच एकदा काकू म्हणाल्या. लग्न झाल्यापासून भाड्याची जागा, अकरा महिन्यांचा करार, की पुढची जागा. डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम, ठाकुर्ली, कल्याणला तीन ठिकाणी, परत डोंबिवली. काकूंना कुठल्या घरात काय घडलं ते वर्षानं आठवत नसे, ओट्यावरून आठवे. “तिला गोवर आला तेव्हा आपण काळ्या कडाप्प्याच्या घरात होतो,” असं त्या मुलीबद्दल सांगत. मुलगी आता नाशिकला आहे, स्वतःच्या घरात.

घरमालक वेगवेगळे, पण एक अट सगळ्यांची सारखी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे काकूंच्या आई-वडिलांचा फोटो कपाटावर टेकवून ठेवलेला असायचा आणि देव एका स्टुलावर. काकूंना बाकी कशाची हौस नव्हती. दागिना नको, प्रवास नको. “एक भिंत असावी आणि तिच्यात कोणाला न विचारता खिळा ठोकावा, बस,” असं त्या भाजी निवडता निवडता सांगायच्या. ऐकताना हसू यायचं आणि मग येईनासं व्हायचं.

सर त्यावर एक कार्ड सांगत. ‘हजबंड’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलाय. त्यातला ‘हूस’ म्हणजे घर, आणि ‘बोंडी’ म्हणजे वस्ती करून राहिलेला. थोडक्यात, ज्याचं स्वतःचं घर आहे तो हजबंड. “त्या हिशेबानं मी अजून हजबंड झालेलो नाही,” असं म्हणून ते हसत.

“मग पस्तीस वर्षं मी डबे कोणाचे भरतेय?” काकू विचारत.

सर पुढचं कार्ड काढत.

डोंबिवली पश्चिमेला ते तळमजल्यावर राहत असतानाची गोष्ट आमच्या ऑफिसात फार गाजली. घरमालक वरच राहायचा. भाडेकरूंकडे पाहुणे किती येतात, किती दिवस राहतात यावर त्याचं बारीक लक्ष. संध्याकाळी तो पॅसेजमध्ये यायचा आणि यांच्या खिडकीखाली उभा राहून आत काय चाललंय ते ऐकायचा. काकूंच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं, सरांच्या फार उशिरा आलं. आलं तेव्हा दुसरा माणूस भांडला असता किंवा खिडकी लावून घेतली असती. सरांना एवढा आनंद झाला की ते बनियनवरच बाहेर गेले.

“मालक, तुम्ही अगदी योग्य जागी उभे आहात!”

घरमालक म्हणाला, “अं? मी पाण्याचा मीटर बघत होतो.”

“ते असू द्या. ‘ईव्ह्जड्रॉपिंग’ म्हणजे चोरून ऐकणं. ‘ईव्ह्ज’ म्हणजे वळचण, आणि छपरावरचं पाणी वळचणीवरून जिथे ठिबकतं ती जागा म्हणजे ‘ईव्ह्जड्रॉप’. तिथं उभं राहून जो आतलं बोलणं ऐकतो तो ‘ईव्ह्जड्रॉपर’. इंग्लंडात याबद्दल दंड होत असे! आणि बघा, तुमच्या खांद्यावर वरच्या एसीचं पाणी ठिबकतंय.”

खरंच ठिबकत होतं. एसी मालकाचाच होता. काकू सांगत, “गुन्हेगार सापडल्याचा इतका आनंद मी पोलिसांच्याही तोंडावर पाहिला नाही.” पुढच्या महिन्यात करार संपला आणि वाढवला गेला नाही. सरांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी कार्डावर बरोबरची खूण आधीच केलेली होती, तिच्या शेजारी ‘प्रत्यक्ष पाहिले’ असं लिहिलं आणि सामान बांधायला घेतलं.

तिथून ते दिवा स्टेशनजवळ राहायला गेले. दिव्याला भाडं परवडतं ते का, हे तिथे गेल्यावर कळतं. पाणी दिवसाआड, तेही आलं तर. सरांनी आम्हा ऑफिसच्या सगळ्यांना रविवारी सकाळी नाश्त्याला बोलावलं. म्हणाले, “हाऊसवॉर्मिंग आहे. इंग्लंडात नव्या घरी जाताना पाहुणे लाकडं न्यायचे आणि शेकोटी पेटवून घर ऊबदार करायचे, असं म्हणतात. ‘असं म्हणतात’ हे मी मुद्दाम म्हणतोय. थंडीच्या देशात माणसानं लाकडं आणावीत. दिव्यात काय आणावं ते तुम्हाला सांगायला नको.”

आम्ही पाचजण दिवा स्टेशनच्या जिन्यावरून पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन घेऊन उतरलो. रिक्षावाला म्हणाला, “लग्न आहे का काय?” काकूंनी दारातच प्रत्येकाच्या कॅनला हळदकुंकू लावलं आणि पाणी पिंपात ओतून घेतलं. मग कांदेपोहे. भाड्याच्या घराची वास्तुशांत करता येत नाही, ती मालकानं करायची असते. त्यामुळे हा समारंभ दोघांनी मिळून शोधून काढला होता. काकू त्या दिवशी फार खूश होत्या. पिंप काठोकाठ भरलेलं त्यांनी मला दोनदा दाखवलं.

दिव्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक मोठं काम आलं. कल्याण-शीळ रस्त्याच्या आत दोन विंगचा प्रकल्प. नाव इंग्रजी होतं, ते इथे देत नाही. देण्याची सोय उरलेली नाही. बिल्डरच्या माणसानं सांगितलं, “हिल व्ह्यू लिहा, बाकी तुम्ही बघा.” मी फोटोंच्या साइटवरून एक डोंगर घेतला. हिरवागार, डोक्यावर ढग. तो बहुधा न्यूझीलंडचा होता. तो मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवला आणि सरांना हाक मारली. सर माझ्या खुर्चीमागे बराच वेळ उभे राहिले. मग जागेवर गेले आणि एका दमात लिहून घेऊन आले.

“सकाळी चहा ठेवताना खिडकीतून डोंगर दिसेल. रोज दिसेल, म्हणून रोज तुम्ही त्याच्याकडे बघणार नाही. एखाद्या दिवशी बघाल. घर म्हणतात ते यालाच.”

पराग म्हणाला, “सर, एक नंबर.” मी ते परत वाचलं, आणि मलाच तिथं राहायला जावंसं वाटलं. डोंगर खोटा आहे हे मला माहीत होतं, तरीही. सरांनी एक छापील प्रत घरी नेली. प्रूफ बघायला, म्हणाले. छापून झालेल्याचं प्रूफ कोण बघतं?

पाडवा झाल्यावर सोमवारी ते पेढे घेऊन आले. घर बुक केलं होतं. निवृत्तीनंतर हाती आलेलं सगळं त्यात घातलं होतं. मी उडी मारून विचारलं, “कुठे, सर?” सरांनी माझ्या टेबलावर आमचंच ब्रोशर ठेवलं.

पेढा माझ्या तोंडात होता. तो गिळून मी म्हटलं, “सर, तो डोंगर मी लावलाय.”

“माहितीय की. मी मागेच उभा होतो.”

“मग?”

“अगं, पण त्या दिशेला मलंगगड आहेच. मी नकाशात पाहिलं.”

“आणि खिडकी त्याच दिशेला आहे हे कोणी सांगितलं?”

“ब्रोशरमध्ये आहे ना,” सर म्हणाले, आणि थांबले. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा विद्यार्थ्याचा भाव पाहिला, उत्तर पाठ नसलेल्या. मग ते घाईनं म्हणाले, “हे बघ, आपण लिहिलं हे खरं. पण त्यांनी छापलं ते खात्री करूनच छापलं असेल ना? एवढी मोठी माणसं.”

कुत्रा छपरावर झोपत नाही हे तीन ग्रुपना ठणकावून सांगणारा हा माणूस. मी या कार्डावर कुठली खूण करणार म्हणून विचारणार होते. नाही विचारलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझी जीभ रेटली नाही.

साइट पाहायला ते गेले होते, नाही असं नाही. पण तिथे तेव्हा फक्त पायाचे खांब आणि पत्र्याच्या शेडमध्ये एक सॅम्पल फ्लॅट होता. पुढचं मला काकूंनी सांगितलं. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग बघून काकूंना शंका आली, म्हणून त्या चक्क त्यावर आडव्या झाल्या. पाय घोट्यापासून बाहेर. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केलेला. “मला तेव्हाच कळलं होतं गं, की ही माणसं काही खरी नाहीत,” काकू म्हणाल्या.

“मग घेतलंत कशाला?”

“मी तिथल्या विक्रीवाल्या पोरीला विचारलं, खिळा ठोकला तर चालेल का? ती म्हणाली, आंटी, तुमचं घर आहे, भिंत पाडली तरी चालेल.” काकूंनी हवेत हातोडी मारल्यासारखं केलं. “त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही.”

किल्ली मिळायला अडीच वर्षं लागली. त्या रविवारी सकाळी काकूंनी मला बोलावून घेतलं, फोटो काढायला. ए विंग, चौथा मजला. काकूंनी दाराला तोरण बांधलं, कलश आत नेला, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडली.

समोर बी विंगची भिंत होती. सहा-सात फुटांवर. भिंतीवर सांडपाण्याचे दोन पाइप, आणि त्यांच्या मध्ये एक कबुतर.

काकू हळूच म्हणाल्या, “डोंगर कुठंय हो?”

सरांनी खिडकीच्या कडेवर हात टेकले. वाकून उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. फोटो काढण्यासारखं काही नव्हतं आणि तो डोंगर लावणारी मीच होते.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. त्या दिवशी किल्ल्या मिळालेली सगळीच माणसं खिडक्या उघडून बघत होती आणि एकेक करून खाली लॉबीत उतरत होती. आम्हीही उतरलो. वीस-पंचवीस कुटुंबं, मध्ये बिल्डरचा मॅनेजर, आणि ट्रॅकसूट घातलेला एक दांडगा गृहस्थ हातात ब्रोशर घेऊन मोठ्यानं वाचत होता.

“‘सकाळी चहा ठेवताना खिडकीतून डोंगर दिसेल.’ दिसला का कोणाला? ‘रोज दिसेल, म्हणून रोज तुम्ही त्याच्याकडे बघणार नाही.’ अरे, एकदा तर दाखव! कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?”

मॅनेजर म्हणाला, “ते एजन्सीवाले लिहितात, साहेब. आमचा काय संबंध?”

“नाव सांगा त्याचं! पोस्टर लावतो त्याचं गेटवर!”

सर पुढे निघाले. काकूंनी त्यांची बाही धरली. “अहो, नका. ऐका माझं. इथं राहायचंय आपल्याला.”

त्यांच्या आवाजात मी तेवढी भीती कधी ऐकली नव्हती. लग्नानंतर प्रथमच अशी जागा मिळाली होती जिथून कोणी जा म्हणणार नव्हतं, आणि आता पहिल्याच दिवशी सगळी इमारत अंगावर येणार होती. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. मी तर खांबामागे गप्पच होते.

सरांनी बाही सोडवून घेतली नाही. बाही धरलेल्या काकूंसकट ते पुढे गेले.

“मी लिहिलंय ते.”

सगळे वळले. ट्रॅकसूटवाल्यानं त्यांना खालून वर पाहिलं. “तुम्ही? बिल्डरची माणसं का तुम्ही?”

“नाही. मी चारशे तीन.”

“चारशे तीन म्हणजे? फ्लॅट घेतलाय इथं?”

“हो.”

“काय बघून घेतलात?”

सरांनी त्याच्या हातातल्या ब्रोशरकडे बोट केलं. “हेच वाचून.”

 मग कडेवर पोर घेतलेली एक बाई फिसकन हसली. तिच्या मागून तिचा नवरा. मग सगळी लॉबी. ट्रॅकसूटवाल्याला इतकं हसू आलं की त्यानं जिन्याच्या पायरीवर बसकण मारली आणि ब्रोशरनं वारा घेत राहिला. “स्वतःच लिहिलं, आणि स्वतःच फसले! काका, तुम्ही म्हणजे कमाल आहात!”

सर हसले नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबले आणि वर्गात बोलत तसं सावकाश म्हणाले, “मी न बघता लिहिलं, ही माझी चूक. खात्री केल्याशिवाय लिहू नका असं तीस वर्षं मुलांना सांगत आलो. घराचं म्हटल्यावर मला खात्री करावीशीच वाटली नाही. खरं असावंसं वाटलं, एवढंच.”

“आणि तो फोटो? तो कोणी लावला?” मागून कोणीतरी विचारलं.

“होतं कोणीतरी ऑफिसात,” सर म्हणाले.

मी खांबामागून बाहेर आले नाही. मला लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सरांनी परागला सांगितलं की यापुढे जे बघून येईन तेवढंच लिहीन. पराग वाईट माणूस नाही. तो म्हणाला, “सर, मग आपल्याकडे एक ओळही छापून होणार नाही.” सरांना ते पटलं. दोघांनी चहा घेतला आणि सरांनी नोकरी सोडली.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. जायला एवढे दिवस का लागले ते वर सांगितलंच आहे. सर लॉबीतच भेटले, गेटच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. बी विंगमधले बरेच फ्लॅट अजून विकायचे होते आणि रविवारी लोक बघायला येत. मला वाटलं, वेळ जात नसेल म्हणून बसतात. तेवढ्यात बाइकवरून एक जोडपं आलं. लग्नाला फार दिवस झालेले नसावेत, हेल्मेटसुद्धा दोघांची सारखी होती. विक्रीवाली मुलगी फाइल घेऊन लगबगीनं पुढे झाली. मुलानं विचारलं, “व्ह्यू कसाय?” ती म्हणाली, “हिल फेसिंग आहे, सर.”

सर उठले. ते उठलेले बघून त्या मुलीनं फाइल मिटली आणि कपाळाला हात लावला.

“या,” सर त्या जोडप्याला म्हणाले. “आधी चहा घेऊ. मग फ्लॅट बघा.”

चौथ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं आणि आतूनच विचारलं, “आज किती?” “तिघं,” सर म्हणाले. मला बघून काकूंनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. सर त्या दोघांना थेट ओट्यापाशी घेऊन गेले.

“हे बघा. एवढंच दिसतं. डोंगर त्या तिकडे आहे, मलंगगड, पण तो बघायला गेटच्या बाहेर दुधाच्या डेअरीपर्यंत जावं लागतं. दोनशे चाळीस पावलं. पाणी सकाळी दीड तास येतं, दाब बरा असतो. लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद पडते. भिंत चांगली आहे, हिनं चार खिळे ठोकलेत, पोपडा निघाला नाही. संध्याकाळी साडेपाचला समोरच्या भिंतीवर ऊन येतं. वीस मिनिटं राहतं. थंडीत पंधरा. मी पाहिलंय.”

मुलगा पाइपांकडे बघत होता. मुलगी सरांकडे बघत होती.

“मग काका, तुम्ही का घेतलंत?” तिनं विचारलं.

“मी वाचून घेतलं,” सर म्हणाले. “तुम्ही बघून घ्या.”

चहा झाल्यावर ते त्या दोघांना घेऊन बी विंगमध्ये गेले, तिथला एकेक मजला दाखवायला. मीही निघाले. काकूंनी डब्यात अळूवडी दिली आणि आता येत जा म्हणाल्या. गेटपाशी रिक्षाची वाट बघत उभी होते तेव्हा वरून आवाज आला म्हणून पाहिलं. बी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खिडकीत तिघांची डोकी दिसत होती. सर अर्धे बाहेर वाकले होते आणि हात लांब करून जोडप्यातल्या मुलीला मलंगगडाची बाजू दाखवत होते, जोरजोरात मान नकारार्थी हलवत.